कचऱ्याच्या डब्यावरचे डेसिबल

इंग्लंड किंवा जर्मनीतल्या कोणत्याही वस्तीत घराबाहेर प्लास्टिकचा उंच डबा उभा असतो. मागच्या बाजूला दोन चाके, वर बिजागरीचे झाकण, पाठीला धरायची मूठ. तिथे त्याला ‘व्हीली बिन’ म्हणतात. या डब्याच्या अंगावर पुष्कळ मजकूर असतो: किती लिटरचा, किती किलो वजन पेलणारा, ‘ईएन ८४०’ या मानकाचा उल्लेख, कारखान्याची खूण. या गर्दीत एक छोटी चौकट सापडते. तिच्यात कर्ण्यासारखे चित्र, ‘एल डब्ल्यू ए’ ही अक्षरे आणि नव्वदच्या घरातला एखादा आकडा, पुढे डीबी, म्हणजे डेसिबल. शेजारी ‘सीई’ हे युरोपीय चिन्ह.

डब्याला मोटर नाही, वायर नाही, भोंगा नाही. मग हे डेसिबल कसले?

नात्यातल्या एका मुलाने तिकडून या चौकटीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘काका, हा डबा बोलतो का?’ मी वाणिज्य शाखेचा माणूस. ध्वनिशास्त्र शिकलो ते रद्दीतून घेतलेल्या पुस्तकांवर आणि पुढे सरकारी राजपत्रे वाचायच्या सवयीवर. कायद्याचा मसुदा आणि त्यातून बाहेर पडणारे लेबल ही एकाच लेखनाची दोन टोके असतात, असे माझे जुने मत आहे. एखाद्या ग्रंथाची प्रस्तावना जशी तपासावी तसे हे लेबल तपासावे, ते कोणाला उद्देशून लिहिले आहे, काय सांगते आणि काय गाळते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी सहज सुचणारे अर्थ. एक, डबा इतका आवाज सहन करू शकतो. दोन, डब्यात कितीही आदळआपट झाली तरी बाहेर एवढाच आवाज येतो. तीन, यापेक्षा जास्त आवाज केला तर दंड. चार, जवळ गेल्यास कान सांभाळा. सुजाण, शिकलेला माणूस या चारांपैकी कोणत्याही अर्थावर स्थिरावू शकतो आणि चारही चूक आहेत. दोष वाचणाऱ्याचा नाही. ज्या मजकुराचे चार चुकीचे अर्थ सारख्याच सहजतेने लागतात, त्या मजकुराची परीक्षा करायला हवी.

या चौकटीचे मूळ युरोपीय संघाच्या २०००/१४/ईसी या निर्देशात आहे. ८ मे २००० रोजी तो संमत झाला आणि ३ जानेवारी २००२ पासून लागू झाला. ब्रिटनने २००१ साली आपल्या नियमांत तो आणला आणि संघातून बाहेर पडल्यावरही ते नियम ठेवले. विषय आहे घराबाहेर वापरायच्या यंत्रसामग्रीचा आवाज. परिशिष्टात ५७ प्रकारांच्या व्याख्या आहेत: बुलडोझर, क्रेन, काँक्रीट फोडायचे हातोडे, गवत कापायची यंत्रे, साखळी करवत, पाने उडवायचे फुंकयंत्र. या दणदणाटी मंडळींत ३९ व्या क्रमांकावर आपला डबा बसला आहे. त्याची व्याख्या साधी आहे: कचरा तात्पुरता साठवण्यासाठी बनवलेले, चाके आणि झाकण असलेले पात्र. बाटल्या गोळा करायच्या मोठ्या कुंड्यांनाही वेगळा क्रमांक आहे, आणि कचरा उचलणारी गाडी ४७ वी.

हे सगळे एका पंगतीला असले तरी वाढप सारखे नाही. निर्देशाचे १२ वे कलम २२ प्रकारांना आवाजाची कमाल मर्यादा घालते. गवत कापायच्या लहान यंत्राला, म्हणजे ५० सेंटिमीटरपर्यंत पाते असलेल्याला, ९६ डेसिबलची. त्यापेक्षा जास्त आवाजाचे यंत्र बाजारात आणता येत नाही. १३ व्या कलमात ४१ प्रकार आहेत. त्यांना मर्यादा नाही, फक्त आकडा छापायचा. डबा १३ व्या कलमात आहे. म्हणजे त्याच्यावरचा आकडा ९२ असो की १०२, कायद्याची हरकत नाही. छापलेला असला की झाले. तो आकडा कोणी त्रयस्थ संस्था तपासून देत नाही. या गटासाठी उत्पादकाने आपल्या अंतर्गत नियंत्रणाखाली मोजायचे आणि स्वतःच हमी द्यायची. छापील आकड्याला ‘हमी दिलेली’ पातळी म्हणतात, कारण त्यात मोजणीतली आणि उत्पादनातली अनिश्चितता मिळवलेली असते. एकेका डब्याचा प्रत्यक्ष आवाज त्याहून वर जाऊ नये, अशी अपेक्षा.

आता मोजतात कसे? या निर्देशातला मला सर्वांत आवडलेला भाग हा, म्हणून जरा थांबून सांगतो. (मोजणीचे परिशिष्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीने नवे केले आहे. इथे मूळ २००० सालची पद्धत घेतली आहे, कारण आज रस्त्यावर दिसणारे बहुतेक डबे तिच्या अमलातले.)

काँक्रीट किंवा डांबराची सपाट जमीन घ्यायची. डब्याभोवती ३ मीटर त्रिज्येचा अर्धगोल कल्पायचा आणि त्याच्यावर सहा ठिकाणी ध्वनिग्राहक लावायचे. मग तीन कसोट्या. पहिली, झाकण पडण्याची. माणसाने डब्याच्या मागे, बिजागरीच्या बाजूला उभे राहायचे. झाकण सरळ उभे धरायचे आणि पुढे सोडून द्यायचे, ढकलायचे नाही. सोडताना झाकण मध्यावर धरलेले असावे, म्हणजे पडताना ते वाकडे होणार नाही. झाकण बंद होईपर्यंत त्या माणसाने हलायचे नाही. हे वीस वेळा. दुसरी कसोटी झाकण पूर्ण उघडण्याची: ते आडवे धरून सोडायचे, मागे जाऊन डब्याच्या पाठीवर आपटू द्यायचे आणि उसळण्याआधी पुन्हा उचलायचे. हेही वीस वेळा. दोन चाकांचा डबा उडू नये म्हणून माणसाने त्याच्या काठावर हात ठेवला तर चालतो, अशी सवलत कायद्याने दिली आहे. या दोन्ही कसोट्यांत वीस नोंदींतल्या सर्वांत मोठ्या पाच घेऊन सरासरी काढायची.

तिसरी कसोटी ओढण्याची. त्यासाठी खडबडीत रस्त्याचे सोंग उभे करतात: पोलादी जाळीच्या ६ मीटर लांब, ४०० मिलिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या समांतर टाकायच्या, चाके त्यांच्यावरून जातील अशा. डबा ४५ अंशांत कलवायचा आणि सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने ओढत न्यायचा. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा.

हे वाचताना आधी हसू येते. मोकळ्या पटांगणात एक पगारी माणूस रिकाम्या चेहऱ्याने झाकण सोडतो आहे आणि सहा यंत्रे ते ऐकत आहेत. पण दुसऱ्यांदा वाचले तेव्हा मला या मसुद्याच्या लेखकाविषयी आदर वाटला. पहाटेच्या त्या आवाजाची त्याने नीट फोड केली आहे. झाकण पडते, झाकण मागे आपटते, चाके फरशीवर खडखडतात. ज्याने कधीतरी अंथरुणात पडून हे ऐकले असेल त्यालाच ही यादी सुचेल. जाळीच्या पट्ट्या, वेग, कल, हात कुठे ठेवायचा हे सगळे त्या अनुभवाचे परिभाषेत केलेले रूपांतर आहे.

पण या फोडीत दोन मोठ्या गोष्टी नाहीत. एक म्हणजे कचरा. डब्यात काही टाकण्याचा आवाज या तीन कसोट्यांत कुठेच येत नाही. बाटल्यांच्या कुंडीची कसोटी याच निर्देशात आहे आणि ती पाहिली की हा फरक डोळ्यांत भरतो. तिथे ७५ सेंटिलिटरची, साधारण ३७० ग्रॅमची बाटली मानेला धरून तोंडातून अलगद आत सोडतात आणि १२० बाटल्या पडेपर्यंत मोजत राहतात. कुंडी ज्या कामासाठी आहे तेच काम तिच्याकडून करून घेतात. डब्याचे तसे नाही.

दुसरी गाळलेली गोष्ट अधिक गंभीर. युरोपातल्या नागरिकाला पहाटे जागे करते ते झाकण नव्हे, तर डबा आणि गाडी यांची गाठ. गाडीच्या मागचा कंगव्यासारखा दात डब्याच्या काठात अडकतो, डबा वर जातो, उलटा होतो आणि तळाला चिकटलेले निघावे म्हणून दोन-तीनदा हिसडला जातो. हा आवाज कोणाचा? डब्याचा नंबर ३९, गाडीचा ४७. डब्याच्या तीन कसोट्यांत गाडी नाही. ‘ईएन ८४०’चा पहिला भाग दोन चाकांचे डबे कंगव्याच्या उचलणीला जुळावेत म्हणूनच आहे. मापे जुळवताना डबा आणि गाडी यांचा एकत्र विचार झाला. आवाज मोजताना डबा एकटा उभा केला.

आता त्या आकड्याकडे. ‘एल डब्ल्यू ए’ म्हणजे ध्वनिशक्तीची पातळी. आपण एरवी जे डेसिबल वाचतो, रस्त्यावर ८० किंवा मिरवणुकीत ११०, ते ध्वनिदाबाचे असतात: एका ठिकाणी उभे राहिलेल्याच्या कानाशी किती पोचले त्याचे. ध्वनिशक्ती म्हणजे वस्तूने सगळीकडे मिळून किती बाहेर टाकले. दिव्याचे उदाहरण घ्या. दिव्यावर वॅट लिहिलेले असतात. ते दिव्याचे, तुमच्या पुस्तकावर पडणाऱ्या उजेडाचे नव्हेत. पुस्तक जवळ न्याल तर उजेड जास्त, लांब न्याल तर कमी, वॅट तेच. डब्यावरचा आकडा हा दिव्याच्या वॅटसारखा आहे. घोटाळा असा की ध्वनीत दोन्ही गोष्टींना एकच नाव, डेसिबल. दिव्याच्या बाबतीत निदान एकके वेगळी आहेत.

समजा आकडा ९६ आहे. मोकळ्या जागेत ३ मीटरवर त्याचे सुमारे ७८ होतात, १० मीटरवर ६८, २० मीटरवर ६२. अंतर दुप्पट झाले की सहा वजा, हा ठोकताळा. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या गल्लीत घट कमी होते. म्हणजे ९६ वाचून जो घाबरला तो उगाच घाबरला. पण जो ६८ वर निर्धास्त झाला तोही फसला, कारण आणखी एक मेख आहे. झाकणाचा धडाका सेकंदाच्या अंशात संपतो. मोजणीत त्याची सारी ऊर्जा एका सेकंदावर पसरलेली धरतात. प्रत्यक्ष क्षणाचा कळस त्याहून वर असतो.

या हिशेबाची गंमत फ्रिजशेजारी ठेवून पाहा. युरोपात विकल्या जाणाऱ्या फ्रिजच्या ऊर्जालेबलावरही आवाजाचा आकडा असतो आणि तोही ध्वनिशक्तीचाच. समजा ३८. झाकणाच्या धडाक्याचे ९६ धरले तर फरक ५८ डेसिबलचा, म्हणजे सुमारे सहा लाख तीस हजार पट. तितके सेकंद म्हणजे सात दिवसांहून थोडे जास्त. फ्रिज अखंड आठवडाभर गुणगुणून जेवढी ध्वनिऊर्जा खोलीत सोडतो, तेवढी झाकण एकदा पडून सोडते. आणि ती ऊर्जा किती? एका ज्यूलचा अडीचशेवा भाग. पाण्याचा थेंब कोमटही होणार नाही. एवढ्याशा गोष्टीने गल्ली जागी होते, ही कानाची करामत.

फ्रिजचे नाव काढले ते दुसऱ्याही कारणासाठी. १ मार्च २०२१ पासून युरोपीय संघाने फ्रिज, कपडे धुण्याची आणि भांडी घासण्याची यंत्रे यांची लेबले नवी केली. त्यांत आवाजाच्या आकड्याशेजारी ए, बी, सी, डी अशा चार इयत्ता आल्या. ग्राहकाला डेसिबल कळो न कळो, ‘बी’ हे ‘डी’पेक्षा शांत एवढे कळते. आपल्याकडे फ्रिजवरचे तारे विजेच्या बाबतीत तेच काम करतात. म्हणजे नुसता आकडा माणसाशी बोलत नाही, त्याला शेजारी तुलना लागते, हे संघाला ठाऊक आहे. डब्याच्या चौकटीत ती तुलना नाही. मर्यादा नाही, इयत्ता नाही, अंतर नाही, तीन कसोट्यांपैकी कोणत्या कृतीबद्दल हे आहे त्याचा उल्लेख नाही.

असे का झाले असावे? माझे उत्तर निर्देशाच्या पहिल्याच कलमात आहे. तिथे हेतू दोन सांगितले आहेत: अंतर्गत बाजारपेठ सुरळीत चालावी आणि माणसाचे आरोग्य व स्वास्थ्य जपले जावे. क्रम असाच आहे. प्रत्येक देशाने आवाजाचा वेगळा नियम केला तर जर्मनीचा डबा फ्रान्समध्ये अडेल. सगळीकडे एकच मोजणी आणि एकच खूण असली की सीमेवर प्रश्न उरत नाही. ‘सीई’च्या शेजारची ही चौकट मूळची दस्तऐवजाची आहे, मालाबरोबर फिरणाऱ्या कागदाची. फक्त कागद हरवतो म्हणून ती मालावरच उठवली आहे. दिसेल, वाचता येईल आणि पुसली जाणार नाही अशी ती असली पाहिजे, हेही कायद्यात आहे. अधिकारी आणि उत्पादक यांच्यातला पत्रव्यवहार वीस वर्षे एखाद्या घराच्या दारात उभा राहतो आणि घरमालकाला वाटते की पत्र आपल्याला आले आहे.

निर्देशाच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो टाळता येत नाही. मर्यादा घातली नाही तरी आकडा जाहीर झाला की घेणारा शांत वस्तू निवडेल, उत्पादकांत चढाओढ लागेल आणि हळूहळू आवाज उतरेल. साखळी करवतीच्या बाबतीत मला हे पटते. दुकानात दोन करवती शेजारी ठेवल्या आहेत, घेणाराच ती चालवणार आहे, आकडा त्याच्या कामाचा. पण डबा कोण विकत घेतो? ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिल. निविदा निघते, हजारोंनी डबे येतात, घरोघरी वाटले जातात. निवड कौन्सिलच्या टेबलावर होते, झोप गल्लीत मोडते. लेबल मात्र गल्लीकडे तोंड करून आहे. ज्याला निवड करता येत नाही त्याला माहिती देणे ही निवडस्वातंत्र्याची थट्टा आहे, असे मी म्हणतो तेव्हा शब्द जरा कठोर होतो, पण मागे घ्यावासा वाटत नाही.

आणि रोज शेकडो डबे ओढणारा, उलटवणारा कामगार? आवाजाच्या सर्वांत जवळ तो असतो. त्याच्यासाठी युरोपात वेगळा कायदा आहे, २००३ चा. कामाच्या दिवसभराची सरासरी ८० आणि ८५ डेसिबलला पोचली की मालकाने काय करायचे ते त्यात ठरले आहे. पण तो हिशेब कानाशी पोचणाऱ्या दाबाचा. डब्यावरचा शक्तीचा आकडा त्यात थेट भरता येत नाही. ज्याला उपयोग व्हायला हवा त्याच्याही हाती लेबल काही देत नाही.

इथे कोणी म्हणेल, लेबल बाजूला ठेवा, वस्तीतल्या आवाजाची मर्यादा असतेच, ती झोप राखील. हेही तपासून पाहू. आपल्या देशातले ध्वनिप्रदूषण नियम याच २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल. हे आकडे सरासरीचे आहेत. आता १० मीटरवरचे आपले ६८ घ्या, एका सेकंदाचे, आणि ते आठ तासांच्या रात्रीवर पसरा. आठ तासांचे सेकंद २८,८००. त्या एका धडाक्याचा रात्रीच्या सरासरीतला वाटा येतो सुमारे २३ डेसिबल. ४५ च्या पुढे तो कुठेच नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत एकेकट्या आवाजाचाही विचार आहे: शयनगृहात कमाल पातळी ४२ च्या आसपास गेली की झोपेतून जाग यायला सुरुवात होते. किंचित उघड्या खिडकीने १५ डेसिबल अडवले असे धरले तरी आपल्या ६८ चे आत ५३ उरतात. माणूस जागा होतो आणि कायद्याच्या वहीत रात्र शांत असते.

म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी आहे. वस्तूवरचा आकडा वस्तूपुरता, वस्तीचा आकडा सरासरीपुरता. मधे जो प्रसंग घडतो, अमुक वाजता, अमुक फरशीवर, अमुक खिडकीखाली, त्याला आकडा नाही. डब्याच्या लेबलावर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. आवाज ही घटना आहे. चाक, जमीन, हात, गाडी आणि वेळ यांच्या संयोगाने ती घडते. लेबल ती घटना उचलून डब्याचा गुण म्हणून त्याच्या अंगावर लिहिते, जसे त्याचे लिटर लिहिले आहेत. मग गाडी पहाटे सहाला का येते, गल्लीत दगडी फरशी का आहे, मूळ जागेपासून डबा इतका ओढत का न्यावा लागतो, हे प्रश्न ज्या कचेरीला विचारायचे ती कचेरी नामानिराळी राहते.

वेळेचा प्रश्न सुटत नाही असे नाही. जर्मनीत बाटल्यांच्या कुंड्यांवर बाटल्या टाकण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. रात्री आणि रविवारी टाकू नयेत. तिथल्या ‘निळा देवदूत’ या जुन्या पर्यावरणचिन्हात कमी आवाजाच्या कुंड्यांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्या कुंडीवरचा मजकूर मला डब्याच्या चौकटीपेक्षा कितीतरी उत्तम लेखन वाटतो. तो वाचणाऱ्याला उद्देशून आहे आणि वाचून काही करता येते.

आपल्याकडच्या एका लेबलाशीही तुलना करावीशी वाटते. दिवाळी अंकात ती अस्थानी ठरू नये. फटाक्यांच्या आवाजाचे मानक १९९९ मध्ये आले: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी-शिखर) यांहून जास्त आवाजाचा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही. ते पाळले जाते का, हा वेगळा विषय आणि दर दिवाळीला त्याचे उत्तर कानावर पडतेच. पण मसुदा म्हणून पाहिले तर त्यात अंतर आहे, मर्यादा आहे, आणि क्षणिक धडाक्यासाठी क्षणिक मोजणी आहे. डब्याच्या चौकटीत जे तीन घटक नाहीत तेच इथे आहेत. अंमलबजावणी तिकडे चोख, वाक्यरचना इकडे चांगली.

महाराष्ट्रातही आता मोठ्या सोसायट्यांच्या फाटकापाशी १२० आणि २४० लिटरचे चाकांचे डबे दिसतात. रचना तीच, कंगव्यासाठी काढलेला काठही तोच. पण आपली कचऱ्याची भाषा मुळात वेगळ्या आवाजाची आहे. आपण त्या गाडीला घंटागाडी म्हणतो. गाडीचे नावच तिच्या आवाजावरून पडले. घंटा असो की पुढे आलेले ध्वनिक्षेपकावरचे गाणे, तो आवाज चुकून होत नाही. माणसाला खाली बोलावण्यासाठी तो मुद्दाम केलेला असतो. तैवानमध्येही कचऱ्याच्या गाड्या बीथोव्हनची प्रसिद्ध धून वाजवत येतात आणि लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरतात. युरोपातली व्यवस्था याच्या उलट आहे. तिथे कचरा देणारा आणि नेणारा यांनी भेटायचेच नाही असे गृहीत आहे. डबा रात्री बाहेर ठेवायचा, गाडी पहाटे येऊन जाते. भेट नाही म्हणून हाक नाही, आणि हाक नाही म्हणून उरलेला सगळा आवाज निव्वळ उपद्रव. तो उपद्रव मोजायला पोलादी जाळीच्या पट्ट्या लागतात. आपल्या घंटागाडीला ही कसोटी लावता येणार नाही, कारण तिथे पहिला प्रश्न असेल की आवाज किती लांबपर्यंत ऐकू गेला पाहिजे.

तरीही ३९ व्या क्रमांकातले काही उसने घ्यायचे झाले तर मी चौकट सोडून कसोटी घेईन. महापालिका किंवा मोठी सोसायटी डबे खरेदी करते तेव्हा दोन नमुने मागवावेत आणि त्याच सोसायटीच्या फरशीवर ओढून पाहावेत. झाकणाच्या काठाला रबराची पट्टी आहे का, चाकाची धाव टणक प्लास्टिकची की रबराची, आस सैल खडखडते का, हे कळायला ध्वनिग्राहकही लागत नाही. लेबलच लावायचे असेल तर त्यावर ‘झाकण हाताने टेकवा’ एवढे लिहिलेले पुरे. ते वाचून निदान कोणाचा तरी हात खाली जाईल.

त्या मुलाला मी कळवले की डबा बोलत नाही, त्याच्यावरचे पत्र कौन्सिलला लिहिलेले आहे आणि चुकून तुझ्या दारात राहिले आहे. त्याने विचारले, मग उत्तर कोणी द्यायचे? गाडीची वेळ कोण ठरवते ते आधी शोध, असे मी लिहिले आहे.